फळी धरते

वेर्ख्नेकाम्स्क, १२ ऑक्टोबर १९९६

सन्माननीय कलेरिया ल्वोव्ना,

तुम्ही हयात आहात असं कळलं. अशा वेळी आनंद झाला असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिते. पत्ता पेन्शन कचेरीतल्या बाईंनी दिला. किनेश्म्याला कापडगिरणीच्या क्लबात तुम्ही गिरणीवाल्यांच्या पोरींना नाच शिकवता म्हणे. छान आहे. वासरांत लंगडी गाय शहाणी.

कामाचं लिहिते. येत्या मार्चमध्ये आपल्या थिएटरात ‘सारसी’ हा बॅले पहिल्यांदा बसवल्याला सत्तर वर्षं होतील. नवा प्रयोग बसतो आहे, आणि त्यासोबत विकायला एक पुस्तिका निघणार आहे: आपल्या बॅलेनं ‘सारसी’ कितीदा केली, कुणी केली, कशी केली. लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. डायरेक्टर म्हणाले, “इराईदा पाव्लोव्ना, या इमारतीत तुमच्यापेक्षा जुनं फक्त झुंबर आहे, आणि त्याला लिहिता येत नाही.”

सत्तावीस सालचं लिहून झालं. तेव्हा मंचावर राजपुत्र नको असा वरून हुकूम होता, म्हणून सारसी रानरक्षकाच्या प्रेमात पडायची. बुटांचे जोड अकरा, म्हणून सारश्या अकरा. बारावी प्लायवूडची होती, तिला विंगेतून काठीनं ढकलायचे. वर्तमानपत्रानं तिचंच जास्त कौतुक केलं होतं. त्रेचाळीस सालचंही झालं. राजपुत्र परत आला होता, पण पिसं कोंबड्यांची होती, आणि त्या कोंबड्या कोणी खाल्ल्या यावरून कपडेपटात वर्षभर भांडण चाललं. पोरी उपासमारीनं इतक्या हलक्या झाल्या होत्या की उचलायला सोप्या पडायच्या, असं तेव्हाचे म्हातारे नर्तक मिटक्या मारत सांगायचे.

आता एकसष्ट साल. अवेनीर फोमिचनं बसवलेला प्रयोग. तो तुम्हाला माहीतच आहे, निदान पहिले दोन अंक.

अडचण तिथेच आहे. दुसऱ्या अंकाच्या शेवटी सारसी डावीकडच्या तिसऱ्या विंगेतून झेप घेऊन येते. बाकी सगळीकडे ती नीट उतरते आणि राजपुत्राकडे जाते. फक्त आपल्याकडे तिचा डावा पाय दगा देतो, ती गुडघ्यावर पडते, उजवा हात मागे तसाच उंच थरथरत राहतो, आणि मग ती लंगडत त्याच्याकडे जाते. या पडण्यासाठी लोक मॉस्कोहून गाडीनं येत. समीक्षकांनी त्यावर पानंच्या पानं लिहिली. त्याला ‘झुबारेवाचं पडणं’ म्हणतात. मी ते एकोणीस वर्षं नाचले आणि नंतर सात मुलींना शिकवलं. मूल झालं नाही, पुस्तक लिहिलं नाही. माझ्यामागे राहणार ते हेच.

आता राजधानीहून त्रेस्किन नावाचा नृत्यदिग्दर्शक आला आहे. वय चौतीस, गळ्यात मफलर, तोंडात सतत सूर्यफुलाच्या बिया. पहिल्याच दिवशी म्हणाला, “बाई, बाण तिसऱ्या अंकात लागतो. मग ही दुसऱ्याच अंकात का लंगडते?” पस्तीस वर्षांत हा प्रश्न कुणाला पडला नव्हता. त्यानं पहिल्या प्रयोगाचं रजिस्टरही शोधून काढलं. त्यात तुमच्याबद्दल एवढंच आहे: ‘ओझेगोवा पडली. तिसरा अंक झुबारेवा.’ त्याचं म्हणणं, हे पडणं तालमीत बसवलेलं असेल तर ठेवतो, अपघात असेल तर काढतो. अपघात मी बसवत नाही, म्हणाला.

अवेनीर फोमिच गेले. पियानोवाली गेली. त्या तालमीतल्या आता दोघीच उरलो, मी आणि तुम्ही. सोबत चार ओळींचा कागद आहे: हे पडणं इराईदा झुबारेवा हिनं तालमीत बसवलं, आणि पहिल्या प्रयोगात मी तिचंच पाहून केलं. खाली सही करून पाठवा.

त्या वेळी तुम्ही दवाखान्यातून सगळ्यांना सांगत होता की मंचाच्या फळ्या निसरड्या होत्या. दुसऱ्या दिवशी समितीनं येऊन पाहिलं, फळ्या स्वच्छ होत्या. तुमच्या फाइलीत ‘निष्काळजीपणा’ असा शेरा मी मारलेला नाही. आपल्याकडे म्हणतात ना, नाचता येईना अंगण वाकडं.

तुमच्या आईच्या राखाडी शालीबद्दल तुम्ही दोनदा निरोप पाठवला होता. ती कपडेपटात मिळाली नाही.

आपली,
इराईदा पाव्लोव्ना झुबारेवा


३० नोव्हेंबर १९९६

कलेरिया ल्वोव्ना,

सात आठवडे झाले. सही करायला एवढा वेळ लागतो का? की हातही लंगडा झाला?

जाऊ दे. तुम्ही-तुम्ही लिहून माझं मनगट दुखलं. आठ वर्षं वसतिगृहात आपल्या खाटा शेजारी-शेजारी होत्या. तुझ्या सॉक्सचा वास मला अजून आठवतो, तुला कसली सन्माननीय म्हणायची.

तुला माझा राग का आहे ते मला कळतं. मला तुझा का होता, ते तुला कळलं होतं का गं? तू विसरली असशील. बोलणारी विसरते. अंघोळीच्या खोलीत सगळ्यांसमोर तू म्हणालीस, “इराचे पाय बघा. शेजारणीकडून उसने आणलेत. परत देताना धुऊन दे हो, इरा.” त्या दिवसापासून मी ‘उसनी’ झाले. आठ वर्षं. इतिहासाच्या बाईसुद्धा एकदा चुकून म्हणाल्या, “उसनी, फळ्यावर ये.” तू नुसती हसायचीस. तुझे पाय देवानं दिलेले होते ना. वर्गात उशिरा यायचीस, जांभया द्यायचीस, आणि अवेनीर फोमिच तुझ्याकडे पाहून डोळे पुसायचे. माझ्याकडे पाहून ते घड्याळ पाहायचे.

सारसी तुलाच मिळणार हे शिपायालाही माहीत होतं. मी राखीव. दोन महिने मी भिंतीलगत तुझ्यामागे तुझीच पावलं करत होते.

आता त्रेस्किनच्या प्रयोगात सारसी करणार आहे आग्निया. एकोणीस वर्षांची, गालावर खळी, जीभ कात्रीसारखी. काल मी तिला पडणं शिकवत होते. म्हणाली, “इराईदा पाव्लोव्ना, हे काढणारच आहेत ना? मग माझा गुडघा कशाला सोलता?” मी म्हटलं, “तुला काय करायचंय, पड.” ती पडली. चांगली पडते, मेली.

या पोरींना काही म्हणजे काही माहीत नाही. बूट घसरू नयेत म्हणून ती राळेची पेटी, ती कुठे ठेवायची ते माहीत नाही. फळ्यांवर झारीनं पाणी कसं शिंपडायचं ते माहीत नाही, एकीकडे तळं आणि एकीकडे वाळवंट. मी आग्नियाला म्हटलं, आमच्या वेळी मंचावरून बाहेर येणारी, आत जाणारीला फळीचं सांगायची, पाय धरते की निसरडी आहे ते. आत जाणारी विचारायची, “फळी?” बाहेर येणारी सांगायची, “धरते” किंवा “सोडते.” एक शब्द. तुझा नवरा तिनं पळवलेला असो, की तुझी भूमिका, त्या शब्दात कधी खोट नसायची. शिव्या दे, सुया टोच, पण फळीचं खरं सांग. हा आमचा देवधर्म होता. आग्निया म्हणाली, “किती गोड.” आता त्या सगळ्या एकमेकींना विचारतात आणि फिदीफिदी हसतात.

हे तुला का सांगते आहे कोण जाणे. सही कर.

आणि एक ऐक. तू खरं लिहिलंस, की ते पडणं अपघात होता, तर त्रेस्किन ते काढून टाकेल. माझं जाईल हे खरं, पण तुझंही जाईल. तुझा गुडघा गेला त्यातून जगात एवढी एकच गोष्ट उरली आहे. दर शनिवारी नऊशे माणसं तुझा गुडघा मोडताना बघतात आणि रडतात. माझ्या नावानं बघतात, मान्य आहे. पण बघतात. तू खरं बोललीस तर तुझा गुडघा फुकट गेला. ठरव.

इ. झुबारेवा


२८ डिसेंबर १९९६

लेरा,

तुझं कार्ड आलं. नव्या वर्षाचं, लाल झग्यातला म्हातारा, घोडागाडी. मागे एकच शब्द.

‘फळी?’

टेबलावर ठेवून मी तीन दिवस त्याच्याकडे बघते आहे. त्यावरच चहाचा पेला ठेवला, तर पेल्याचा गोल बरोबर त्या प्रश्नचिन्हाभोवती उमटला.

बरं. तुला हवंच आहे तर घे.

त्या दिवशी सकाळी लहान मुलांचा प्रयोग होता. विदूषकानं साबणाचे फुगे उडवले, आणि वाडगं डावीकडच्या तिसऱ्या विंगेपाशी सांडलं. पोछा मारला होता, पण तो आपल्याकडचा पोछा. संध्याकाळी झारीनं पाणी शिंपडलं. साबणाला तेच हवं होतं. दुसऱ्या अंकात आम्ही सारसीच्या तिघी मैत्रिणी नाचून त्याच बाजूनं बाहेर आलो. मी शेवटची. माझा पाय तिथे सरकला, चांगला वीतभर. मी कशीबशी सावरले. त्या वेळी मी काय विचार केला तेही सांगते: कुणी पाहिलं तर नाही ना?

बाहेर आले तर तू उभी. राळेत बूट घासत होतीस. आईची शाल खुर्चीच्या पाठीवर टाकलीस. माझ्याकडे बघितलंससुद्धा नाहीस, नुसतं म्हणालीस, “फळी?”

मी म्हटलं, “धरते.”

ठरवून म्हटलं नाही असं मी स्वतःला पस्तीस वर्षं सांगत आले. धाप लागली होती, सवयीनं निघालं, रोज तेच निघायचं. हे सगळं खरं आहे. आणि म्हटल्यावर तुला थांबवायला मला पुष्कळ वेळ होता हेही खरं आहे. तुझं संगीत अजून सुरू व्हायचं होतं. आठ मात्रा होत्या, लेरा. आठ मात्रांत माणूस किती बोलू शकतो ते आपल्याला माहीत आहे. मी त्या आठ मात्रा मोजल्या. मनात म्हटलं, पडू दे. एकदा पडू दे सगळ्यांसमोर, देवानं दिलेल्या पायांवर.

मला वाटलं होतं, फार तर आपटशील. लोक हसतील. गुडघा आतून तुटेल असं वाटलं नव्हतं. आवाज विंगेपर्यंत आला. आणि तू काय केलंस? हात खाली आणला नाहीस. त्या हातानं तू तशीच उठलीस आणि एका पायावर राजपुत्राकडे गेलीस, अंक पुरा केलास, आणि लोक टाळ्या वाजवायला लागले. रडत होते लोक. मी तुझा अपमान बघायला उभी होते, आणि तू तो मला बघू दिला नाहीस. त्याचा मला तुझ्या पायांपेक्षा जास्त राग आला.

आणखी घे. मध्यंतरात तुला मागच्या दारानं गाडीत घालत होते. तेव्हा मी ती जागा पुसत होते. कारण तिसऱ्या अंकात तिथूनच मला जायचं होतं, आणि मला पडायचं नव्हतं. हाताशी फडकं नव्हतं. खुर्चीवर तुझी शाल होती. तिनंच पुसली. म्हणून समितीला फळ्या स्वच्छ सापडल्या. शाल माझ्या पेटीत आहे.

दुसऱ्या दिवशी अवेनीर फोमिच मला म्हणाले, “काल कलेरिया पडली तशीच तू पड. लोकांना तेच हवंय.” म्हणजे तेही माझं नव्हतं. उसनंच. हस.

झालं? अंगण वाकडंच होतं, लेरा. ते मला माहीत होतं.

आता त्रेस्किनला काय कळवायचं ते कळव. तो पंधरा जानेवारीला ठरवणार आहे. मी या पत्राची नक्कल ठेवलेली नाही. तुझ्या हातात दोरी आहे, ओढ नाहीतर सोड. पण कार्डं पाठवू नकोस, माझ्याच्यानं ती बघवत नाहीत.

इराईदा


१९ जानेवारी १९९७

लेरा,

मी तुला मूर्ख समजत होते. आपली शाळेपासूनची चूक.

तुझं पत्र त्रेस्किनला मिळालं. त्यानं ते पंधरा तारखेला तालमीच्या हॉलमध्ये सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं. मी पियानोपाशी उभी. स्वतःच्या पायांकडे बघितलं, तर खरंच कुणाचे तरी उसने आणलेत असं वाटलं. मला वाटलं, आता हिनं माझं सगळं पत्र ओकलं. वीस पोरी, बारा पोरं, पियानोवाला, डायरेक्टर, सगळे ऐकताहेत. आणि तो वाचतो:

“हे पडणं सर्वस्वी इराईदा पाव्लोव्ना झुबारेवा यांचं आहे. माझं त्यात काही नाही. त्यांनी ते एका शब्दात बसवलं. शब्द त्यांनाच विचारा. क. ओझेगोवा.”

सगळे माझ्याकडे वळले. त्रेस्किनच्या ओठाला बी चिकटलेलं. म्हणाला, “कुठला शब्द, इराईदा पाव्लोव्ना?”

मी म्हटलं, आठवत नाही.

“असं कसं? एवढी मोठी गोष्ट एका शब्दात बसवली आणि शब्द आठवत नाही? आठवा, आठवा. आम्ही थांबतो.”

थांबले. मी तोंड उघडलं. सांगून टाकावं असं मनात आलं होतं, तुझी शपथ. सगळं जिभेवर होतं, साबण, शाल, आठ मात्रा. पण जीभ तीच ना, जुनीच. तिनं एवढंच सांगितलं:

“धरते.”

त्रेस्किन उडालाच. “धरते! वा! शरीर सोडतं, पण ती धरते! हात म्हणूनच वर राहतो! अहो, हे तर सगळ्या बॅलेचं मर्म आहे!” डायरेक्टरांनी ते वहीत लिहून घेतलं. पोरींनी टाळ्या वाजवल्या. पडणं राहिलं. पुस्तिकेत छापताहेत, मुखपृष्ठाच्या आतल्या पानावर, माझ्या फोटोखाली, मोठ्या अक्षरांत, फक्त तो शब्द. मी म्हटलं नको. ते म्हणाले, “तुमचा विनय.”

टाळ्या न वाजवणारी एक होती. आग्निया. तालीम संपल्यावर तिनं मला जिन्यात गाठलं.

“इराईदा पाव्लोव्ना, पण तो तर फळीचा शब्द.”

“मग?”

“बाहेर येणारी आत जाणारीला सांगते तो.”

“कळलं मला. मीच शिकवलाय तुला.”

“मग तुम्ही ‘धरते’ सांगितल्यावर त्या पडल्या कशा?”

जिन्यात कुणी नव्हतं. तिच्या गालावरची खळी गेली होती. पस्तीस वर्षांनी एक पोर मला सरळ विचारत होती, आणि मला एका वाक्यात मोकळं होता आलं असतं. मी काय म्हटलं माहीत आहे?

“पाय कच्चे होते तिचे.”

तुला जे करायचं होतं ते तू केलंस. मागितलं ते सगळं दिलंस, वर एक शब्दही दिलास. मी खरं सांगितलेलं पत्र तुझ्याकडे आहे, आणि तू ते कुणालाही दाखवणार नाहीस, हे मला आता कळलं. दाखवलं असतंस तर बरं झालं असतं.

लिही मला. शिव्या लिही.

इरा


२२ मार्च १९९७

लेरा,

तू लिहीत नाहीस. बरोबर आहे. आपला छत्तीसचा आकडा होताच, आता वर्षंही छत्तीस झाली.

काल पहिला प्रयोग झाला. सत्तर वर्षांचा समारंभ, फुलं, भाषणं, सगळं झालं. पुस्तिका संपल्या. आता मला रोजच्या कामात त्रेस्किननं एक नवं काम लावलंय. म्हणाला, “इराईदा पाव्लोव्ना, परंपरा म्हणून झेपेच्या आधी तुम्ही स्वतः तिसऱ्या विंगेत उभं राहायचं. सारसी विचारेल, ‘फळी?’ आणि तुम्ही तुमचा शब्द द्यायचा. दर प्रयोगाला.” पोरींना हे फार आवडलं. शुभ आहे म्हणतात.

काल मी साडेसहालाच गेले. पडद्यामागे कुणी नव्हतं. साठीला आलेले गुडघे टेकले आणि ती जागा पुसली. कोरडी केली, झारीनं थोडंसं शिंपडलं, परत पुसली, तळव्यानं चाचपली. पहिलं मध्यंतर झालं तेव्हा पुन्हा. सुतार म्हणाला, “बाई, चमचा हरवला का?” फळी धरत होती, लेरा. जन्मात इतकी धरली नसेल.

संगीताच्या आठ मात्रा आधी आग्निया आली. राळेत बूट घासले. आमच्या मागे दहा-बारा पोरी, पुस्तिकेतली ती गंमत बघायला जमलेल्या. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, “फळी?”

मी म्हटलं, “धरते.”

ती वाकली. त्या पिसांच्या मुकुटासकट, सगळ्यांदेखत खाली वाकली, विंगेच्या कडेपुढे हात घातला आणि फळी स्वतःच्या तळव्यानं चाचपून पाहिली. मग हात झग्याला पुसला आणि गेली. झेप घेतली, आणि बरोबर त्या जागी पडली, हात वर तसाच. तुझाच हात होता तो. लोक उभे राहिले.

मागच्या पोरींना वाटलं, तेही परंपरेतच आहे. आज दुपारच्या प्रयोगात दुसरी सारसी होती. तिनं मला विचारलं, मी सांगितलं, आणि तीही वाकली. आता ज्या ज्या सारसी करतील त्या सगळ्या वाकतील. माझा शब्द ऐकतील आणि वाकून खात्री करून घेतील. पुढच्या सत्तर वर्षांच्या पुस्तिकेत कुणीतरी त्यावर पानंच्या पानं लिहील.

तुला जे हवं होतं ते झालं असेल तर एवढं कळव. नसेल तर काय हवं ते कळव. मी देईन.

शाल मात्र मागू नकोस. ती मला दर शनिवारी लागते.

इरा